कुणाला तरी खाली बसवावंच लागतं

मागच्या महिन्यात एका शिबिरात बोलायला गेलो होतो. विषय स्वाभिमान. तासभर बोललो, टाळ्या पडल्या. मग चहाच्या वेळी एक पोरगा जवळ आला. विशीतला. त्याने सरळ विचारलं, "दादा, तुम्ही मोठ्या कंपनीत रोज साहेबाच्या शिव्या खाता, एक तारखेला पगार घेता आणि इथं येऊन आम्हाला स्वाभिमान शिकवता. हे जमतं कसं?"

मी हसलो. पाठीवर थाप मारून वेळ मारून नेली. पण परतीच्या एसटीत झोप लागली नाही. हा लेख त्या पोराला उत्तर आहे. उशिरा दिलेलं आणि पूर्ण नसलेलं.

आधी कंपनी कशी आहे ते सांगतो. हिंजवडीतली काचेची इमारत. भिंतीवर लिहिलंय, आपण सगळे एक कुटुंब आहोत. साहेबाला सर म्हणायचं नाही, पहिल्या नावाने हाक मारायची. समता वाटावी म्हणून. तोच पहिल्या नावाचा माणूस केबिनचं दार लावून म्हणतो, "तुला इथं घेतलं कुणी?" रात्री अकराला फोन. रविवारी फोन. बापाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चालू होता, तेव्हाही फोन. मी उचलला. हे लिहितानाही लाज वाटते, पण उचलला.

जातीचं नाव तिथं कुणी काढत नाही. पूर्ण नाव काय, गाव कुठलं, कॉलेजात कुठल्या कोट्यातून, एवढं विचारलं की त्यांचं काम झालं. पुढे कागदावर लिहितात: बोलणं कमी पडतं, इथल्या कल्चरमध्ये बसत नाही. आपल्याकडे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात जातिवाचक अपमान लोकांच्या नजरेपुढे व्हावा लागतो. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. केबिनलाही चार भिंतीच असतात. आणि आत जातीचा शब्द तर कुणी उच्चारतच नाही. पकडायचं काय?

असो. हे तुम्हाला माहीत आहे. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. शिव्या देणारा साहेब हा प्रश्नाचा लहान तुकडा आहे. तो उद्या गेला तर दुसरा येईल आणि तोही तसाच वागेल. कारण त्याच्या वर आणखी एक आहे, जो त्याला शुक्रवारी फोनवर झापतो. ते झापणं हा सोमवारी आमच्या अंगावर उतरवतो. माझा बाप गिरणीत होता, १९८२ च्या संपात घरी बसला तो कायमचा. तो जॉबरबद्दल सांगायचा, "त्यो बी आपल्यावानीच गडी व्हता रं. पर सायबाची लाथ बसली की आमाला घालून मोकळा व्हायचा. आन् आमी घरी येऊन तुज्या आयला." बाप शिकलेला नव्हता. पण लाथ कशी प्रवास करते ते त्याने मला एका वाक्यात शिकवलं.

आता कंपनीतली लाथ कशी प्रवास करते ते ऐका.

वर्षाच्या शेवटी मोजणी होते. प्रत्येक माणसाला नंबर मिळतो. किती जण वर, किती मधे, किती खाली हे आधीच ठरलेलं असतं. घंटेच्या आकाराची रेघ काढतात, म्हणून बेल कर्व्ह म्हणतात. नऊच्या नऊ माणसांनी रक्त आटवून काम केलं तरी खालचा खण रिकामा ठेवता येत नाही. कुणाला तरी तिथं बसवावंच लागतं. हे खूळ जगभर गाजवलं ते १९८१ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा प्रमुख झालेल्या जॅक वेल्चने. वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०. खालच्या दहांना दरवर्षी हाकला. मायक्रोसॉफ्टने तसलीच पद्धत वर्षानुवर्षं चालवली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली. म्हणजे ही काही निसर्गाची रीत नाही. माणसाने बांधली, माणसाला मोडता येते.

हे वाचताना तुम्हाला काही आठवलं का? मला पहिल्या वर्षीच आठवलं. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. साध्या विषमतेत वरचे आणि खालचे असे दोनच तट असतात, खालचे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतो. सगळ्यात खालचा सोडला तर प्रत्येकाला गमवायला काहीतरी असतं. म्हणून शिडी हलवायला कुणी तयार होत नाही. माझा आजा परळच्या गिरणीत रिंग खात्यात होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं, आणि आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. ही पायरी मालकापेक्षा शेजारचा कामगारच जास्त राखत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला तो याच कारणाने.

इथपर्यंत भाषण ठीक आहे. इथपर्यंत मी शिबिरातही बोलतो. पुढचं बोलत नाही.

चार वर्षांपूर्वी मला टीम लीड केलं. पगार थोडा वाढला. पेढे वाटले. तेव्हा कळलं नाही की या एका शब्दाने मी कामगारही उरलो नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकाचा पगार १०,००० च्या वर गेला की तो कामगार धरला जात नसे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा आकडा १८,००० आहे. पेढ्याच्या पुडक्यात हेही बांधून आलं होतं.

माझ्या हाताखाली नऊ जणं आली. वर्ष संपलं. साहेबाने फॉर्म दिला आणि म्हणाला, "एक नाव खाली टाक. कुठलंही. मला उद्या पाहिजे."

मी रात्रभर नऊ नावं बघत बसलो. त्यात एक बाई होती. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेली. वर्षातले सहा महिने कामावर नव्हती, म्हणून तिचे आकडे कमी. रजा हा तिचा कायद्याने दिलेला हक्क होता, हे मला ठाऊक होतं. पण कागदावर तिलाच टाकणं सगळ्यात सोपं होतं. कुणी विचारलं असतं तर आकडे दाखवता आले असते. मी तिचं नाव टाकलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती बामणाची होती. आणि तिचं नाव लिहिताना, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. खरं सांगतो, गोड वाटलं. पिढ्यान् पिढ्या तुम्ही आम्हाला खाली बसवलंत, आज माझ्या पेनाने तू बस. असं काहीतरी.

दोस्तांनो, तुमच्यातले काही म्हणतील, मग त्यात चुकलं काय? मीही आठवडाभर स्वतःला तेच सांगत होतो. पण हिशेब करून बघा. तिच्या खाली बसण्याने माझ्या आज्याचा एक रुपया परत आला का? विणकाम खात्याचं दार उघडलं का? साहेबाची एक शिवी कमी झाली का? तिच्या घरी तान्हं पोर होतं, तिची पगारवाढ गेली, पुढे तीन महिन्यांनी तिला 'सुधारणा योजने'वर टाकलं आणि तिने स्वतःच नोकरी सोडली. मला काय मिळालं? तो एक गोड क्षण. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा क्षणच या शिडीचा पगार आहे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला तो मिळतो, म्हणून शिडी टिकते. जॉबरला मिळत होता. माझ्या बापाला, माझ्या आईवर हात उचलताना, मिळत होता. सूत राखणाऱ्या त्या विणकऱ्याला मिळत होता. आता मला मिळाला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे आपण सगळे पोस्टरवर लिहितो. पण त्याच भाषणात पुढे त्यांनी ब्राह्मणशाहीचा अर्थ सांगितला, तो आपण लिहीत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणं म्हणजे ब्राह्मणशाही. आणि ती एकट्या ब्राह्मणांत नाही, सगळ्या वर्गांत भिनलेली आहे. त्या रात्री त्या खोलीत ब्राह्मणशाही कुणाकडे होती? फॉर्मवर जिचं नाव होतं तिच्याकडे नव्हती. पेन धरलेल्या हातात होती. माझ्या.

मग दोष शिडीचा की माझा? हा खरा प्रश्न. शिडीचा म्हटलं तर प्रत्येक जण सुटतो. साहेब म्हणतो वरून आलं, त्याचा साहेब म्हणतो बाजारातून आलं. नुसता माझा म्हटलं तर शिडी सुटते. एक वाईट माणूस काढा, सगळं ठीक. फ्रान्समधल्या एका खटल्याने मला यात वाट दाखवली. फ्रान्स टेलिकॉम ही तिथली मोठी टेलिफोन कंपनी. २००६ नंतर तिला २२,००० माणसं कमी करायची होती. काढता येत नव्हती, म्हणून बदल्या, कामं काढून घेणं, मानहानी, असं करून माणसं आपणहून जावीत असा बेत केला. कित्येकांनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने कंपनीला आणि तिचा माजी प्रमुख दिदिए लोंबार याला दोषी धरलं. कोर्टाने म्हटलं, इथं धोरणच छळाचं होतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टानेही ते कायम केलं. म्हणजे शिडी दोषी, आणि शिडी बांधणारी माणसंही दोषी. एकाने दुसऱ्याला सुटका मिळत नाही. मी शिडी बांधली नाही. पण एक पायरी मी राखली. तेवढा दोष माझा.

पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा मी नऊही जणांना सारखा नंबर दिला आणि खाली लिहिलं, यात खाली बसवण्यासारखं कुणी नाही. फॉर्म परत आला. पुन्हा तसाच पाठवला. साहेबाने केबिनचं दार लावलं. मग त्याने स्वतःच एक नाव टाकलं, लातूरकडच्या एका पोराचं. आणि माझं नाव माझ्या खणात खाली बसवलं. पोराची नोकरी गेलीच. मग मी काय मिळवलं? माझा हात स्वच्छ राहिला एवढंच? हात स्वच्छ ठेवणं हे सोवळ्याचं तत्त्वज्ञान आहे, ते आपलं नाही. एकट्याच्या नकाराने शिडी हलत नाही, हे मला त्या पोराच्या रिकाम्या खुर्चीने शिकवलं.

म्हणून यंदा वेगळं केलं. कंपनी सांगते, आपला नंबर आणि पगार कुणाला सांगू नका. मी विचार केला, हे का सांगतात? तर शेजारचा वर की खाली हे कळू नये, आणि प्रत्येकाने एकट्याने घाबरावं. आम्ही गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेत एकमेकांना आपापले नंबर सांगितले. आधी मी सांगितला, माझा खालचा. मग एकेक करून सगळ्यांनी. पगारही सांगितले. कुणाला रात्री कधी फोन आला, कोण काय बोललं, तारखा लिहून ठेवायला लागलो. ज्याला झापलं त्याच्या बाजूने दोघांनी मेल लिहायचा असं ठरवलं. फार मोठं काही नाही. कर्नाटकात २०१७ पासून संगणक कर्मचाऱ्यांची युनियन उभी आहे, तेवढं आमच्याने अजून झालेलं नाही. पण साहेब आता केबिनचं दार उघडं ठेवून बोलतो.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. राजीनामा का देत नाही? एक, घराचे हप्ते आहेत. खोटं कशाला बोलू. दोन, मी सोडल्याने ती खुर्ची रिकामी राहत नाही. बाबासाहेबांनी १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडली. तिथं शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकायचे, राहायला खोली मिळत नव्हती. सोडली ती बरोबरच. पण सोडून ते गप्प बसले नाहीत. सोडणं किंवा राहणं यात स्वाभिमान नसतो. आपल्यापर्यंत आलेली लाथ आपल्यापाशी थांबते की पुढे जाते, यात असतो. मी ती एकदा पुढे घातली. म्हणून स्वाभिमानावर बोलायचा हक्क मला थोडा कमीच आहे.

त्या बाईला मी शोधून भेटलो. माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. पण तुमच्याकडून अपेक्षा नव्हती." मला राग आला. आमच्याकडूनच का अपेक्षा? हजार वर्षं सोसायचं आम्ही आणि शहाणंही आम्हीच व्हायचं? अजूनही कधी कधी येतो तो राग. पण तिला उत्तर द्यायला शब्द सापडला नाही.

पुढच्या शिबिराला ये. तिलाही बोलावलंय. येईल की नाही, सांगता येत नाही.

जयभीम.