मधल्या फळीतली रांग

तरुण क्रिकेटपटूच्या कारकिर्दीची पहिली काही वर्षे त्याच्या धावांवर ठरतात, असे सर्रास मानले जाते. मुंबईचा फलंदाज अमोल मुजुमदार याची सुरुवात पाहिली की हे गृहीतक डळमळते.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढच्या क्रमांकाचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, तो मुजुमदार. हा किस्सा हसत सांगितला जातो, पण मुंबईतली स्पर्धा किती दाटीची होती हेही त्यातून कळते. शालेय स्पर्धा, पावसाळ्यातली कांगा लीग, कार्यालयांच्या संघांची टाइम्स शील्ड आणि मग रणजी अशी ही वाट. त्या काळी सामन्याचे मानधन तुटपुंजे असे. घर चाले ते खेळाडू म्हणून मिळालेल्या नोकरीवर.

१९९३-९४ च्या हंगामात फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच मुजुमदारने २६० धावा काढल्या. वय १९. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातली ती तेव्हा जगातली सर्वोच्च खेळी होती आणि २०१८ पर्यंत राहिली. मुंबईने त्या वर्षी रणजी करंडकही जिंकला. भारताच्या कसोटी संघात मात्र तेव्हा सिद्धू, अझरुद्दीन, तेंडुलकर, कांबळी, मांजरेकर अशी गर्दी होती. १९९६ मध्ये जागा मोकळ्या होऊ लागल्या, तेव्हा जूनमध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड आले, नोव्हेंबरमध्ये लक्ष्मण. गांगुलीने पहिल्याच कसोटीत शतक ठोकले, द्रविडने ९५ धावा केल्या. नंतर फट उरलीच नाही. यात निवड समितीचा अन्याय शोधणे सोपे आहे, पण या तिघांपैकी कोणाला वगळायचे होते, याचे उत्तर अवघड आहे.

संधी मिळाली म्हणजे पुढचे सगळे सुरळीत, असेही नाही. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके झळकावली. सरासरी ५४ च्या वर असूनही १९९५ मध्ये, २३ व्या वर्षी, त्याची शेवटची कसोटी झाली. तेंडुलकर तेवढा पुढे जात राहिला.

मुजुमदारने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि ३० शतके केली, २००६-०७ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, आणि पुढे आसाम व आंध्रकडूनही खेळला. भारताची कसोटी टोपी मात्र त्याला मिळाली नाही.

२००८ नंतर आयपीएलने अर्थकारण उलटवले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने एक कोटी दहा लाखांना घेतले आणि पुढच्या एप्रिलमध्ये जयपूरला त्याने ३५ चेंडूंत शतक केले. नोकरीचा आधार आता पूर्वीइतका लागत नाही आणि नावही फार लवकर होते. कसोटीच्या मधल्या फळीत जागा मात्र तेवढ्याच आहेत.