शून्यात शत्रू कुठून आला?

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद गाजले. त्याच परिषदेत कामाकुरातल्या एन्गाकुजी या झेन मठाचे महंत शाकु सोएन यांनी राष्ट्राराष्ट्रांतले तंटे युद्धाऐवजी लवादाने मिटवावेत, असे प्रतिपादन केले होते. अकरा वर्षांनी, १९०४ च्या फेब्रुवारीत, जपानी आरमाराने युद्ध जाहीर होण्याआधीच पोर्ट आर्थरमधल्या रशियन जहाजांवर हल्ला चढवला आणि हेच सोएन सैन्यासोबत मांचुरियात गेले. युद्धात भल्याभल्यांची मते फिरतात, त्याचे नवल नको. नवल वाटावे ते त्यांनी दिलेल्या कारणाचे. आपपरभाव हे अज्ञान आहे, सर्वांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, आणि त्या ऐक्याला आडव्या येणाऱ्या दुष्टतेशी मनात द्वेष न ठेवता लढणे बुद्धाच्या करुणेशी विसंगत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश काढता येतो. टॉल्स्टॉयने त्याच वर्षी लिहिलेल्या युद्धविरोधी निबंधात या समर्थनावर बोट ठेवले होते.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद ऐकल्यासारखा वाटेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला दिलेला दिलासा याच घाटाचा आहे, फक्त त्याचा पाया नेमका उलटा आहे. तिथे आत्मा अमर आहे म्हणून कोणी कोणाला मारत नाही; इथे, शून्यतेच्या बौद्ध विचारात, आत्मा मुळातच नाही म्हणून मारणाऱ्या-मरणाऱ्यातला भेद खोटा. एक विचार ‘आहे’पासून निघतो, दुसरा ‘नाही’पासून, आणि दोघेही त्याच रणभूमीवर पोचतात. परस्परविरोधी गृहीतकांतून एकच आज्ञा निघत असेल, तर ती गृहीतकांतून निघालेलीच नाही, असा संशय घ्यायला हवा. ती आधीच ठरली होती. तत्त्वज्ञान मागाहून आले. शिवाय सोएन यांची शून्यता फार निवडक होती. सैनिकाचा देह, त्याची भीती, समोरच्या रशियनाचे वेगळेपण हे सगळे तिच्यात विरघळते. पण जपान हे राष्ट्र, सम्राट आणि मांचुरियातले हितसंबंध मात्र तिच्यात बुडत नाहीत, भक्कम उभे राहतात. सगळेच शून्य असेल, तर नकाशावरच्या रेषा देहाआधी पुसल्या जायला हव्यात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने परमार्थ आणि व्यवहार अशी दोन सत्ये सांगितली, तीही व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही, या अटीवर. याच युद्धात नानशानच्या टेकडीवर २६ मे रोजी गोळी लागलेला माणूस व्यवहारात मरतो. तिथे परमार्थाची भाषा आणणे म्हणजे नागार्जुनाची अट मोडणे.

यावर कोणी म्हणेल, की रशिया खरोखरच पूर्वेकडे सरकत होता, आणि बुद्धाने तरी कुठल्या राजाला सैन्य मोडून टाकायला सांगितले? आक्षेप खरा आहे. पण स्वसंरक्षणाचा मुद्दा असेल, तर तो त्याच भाषेत मांडावा, म्हणजे तो तपासता येतो. जपान कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचा दावा होता. आणि युद्ध जाहीर होऊन दोन आठवडे होत नाहीत तोच, २३ फेब्रुवारीला, जपानने कोरियावर दबाव आणून तिथे सैन्य ठेवण्याची मुभा देणारा करार करून घेतला. हा पुरावा राजकीय युक्तिवादाला अडचणीत आणतो. ‘सर्व एक आहे’ या विधानाला तो शिवतही नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. याउलट ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कान्झो पाहा. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धाला त्यांनी न्याय्य म्हणून पाठिंबा दिला होता. त्या युद्धाने कोरियाचे भले झाले नाही, हे पाहिल्यावर ते युद्धविरोधी झाले, आणि १९०३ साली आपले वृत्तपत्र युद्धाच्या बाजूला गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. त्यांची चूक कळली, कारण ती कळू शकेल अशा पातळीवर झाली होती.

उचिमुरांनाही अर्थात सगळे सुटले नाही. सैन्यात जायला नकार देऊ पाहणाऱ्या आपल्या अनुयायाला त्यांनी हुकूम पाळायला सांगितले, आणि युद्धविरोधकाचे रणांगणावरचे मरण हे जगाच्या पापाचे प्रायश्चित्त ठरू शकते, असे लिहिले. त्यांनी मारणे नव्हे, मरणे पवित्र केले. पण मरायला निघालेल्याच्याही हातात बंदूक असतेच. १९०४ च्या सप्टेंबरात कवयित्री योसानो अकिको यांनी पोर्ट आर्थरच्या वेढ्यातल्या धाकट्या भावाला उद्देशून कविता छापली, तेव्हा त्यांनी असा कोणताही जिना चढायचे नाकारले. किल्ला पडो वा न पडो, भाऊ जगावा, एवढेच. टीकाकारांनी त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला. त्याच अकिकोंनी उतारवयात युद्धाला अनुकूल लिहिले, हे खरे आहे. पण माणूस पुढे डळमळला म्हणून १९०४ चे त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही.

बौद्ध धर्मातून दुसरी वाट निघतच नव्हती, असेही नाही. शिंगू या गावी ताकागी केन्म्यो नावाचे शिन पंथाचे पुरोहित होते. त्यांच्या मठाच्या भक्तांत जपानमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतली माणसे बरीच होती. ताकागींनी विजयासाठी प्रार्थना करायला नकार दिला आणि १९०४ सालीच आपल्या समाजवादावर एक टिपण लिहिले. अमिदा बुद्धाच्या सुखावती या शुद्ध भूमीतल्या लोकांनी दुसऱ्या देशावर स्वारी केल्याचे आपण कधी ऐकलेले नाही, मग त्या बुद्धाचे नाव घेणाऱ्याने युद्धाला होकार कसा द्यावा, असा त्यांचा साधा सवाल होता. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत सोएन त्यांच्याहून कितीतरी वरच्या वर्गातले. पण ताकागींनी परमार्थ हा व्यवहाराला जाब विचारण्यासाठी वापरला, माफी देण्यासाठी नाही. १९१० च्या राजद्रोह प्रकरणात ते पकडले गेले, फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली, आणि १९१४ साली त्यांनी तुरुंगात आत्महत्या केली. त्यांच्या पंथाने त्यांना काढून टाकले होते. ती हकालपट्टी मागे घ्यायला १९९६ साल उजाडले.