जखमेचे मोल आणि कर्जाची कबुली

वडशाच्या एका धानाच्या गिरणीत हमाली करणाऱ्या आमच्या एका बंधूचा उजवा हात काही वर्षांपूर्वी यंत्राच्या पट्ट्यात सापडला व चार बोटे गेली. मालकाने त्यास दवाखान्यात नेले, पहिला खर्च दिला आणि "पुढे पाहू" असे सांगितले. तेव्हा तो बंधू आम्हांकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, ज्याचं मीठ खाल्लं जी, त्याच्यावर दावा कसा करू?" आम्ही त्यास सांगितले की, सोसावे, क्षमा करावी, देव पाहून घेईल. हा उपदेश आम्ही शुद्ध मनाने केला. परंतु आज तो आमच्याच मनास टोचतो. कारण दोन वर्षे उलटून गेल्यावर तोच बंधू पुन्हा आला तो सावकाराचे कर्ज, गटाचे कर्ज आणि किराणा दुकानाची उधारी ह्यांची यादी घेऊन, आणि ह्या खेपेस त्याचा प्रश्न असा होता : "फेडणं होत नाही जी. हात वर केले तर पाप लागेल काय?"

वाचकहो, हे प्रश्न दोन दिसतात, परंतु ह्यांचे मूळ एक आहे. आपले येणे मागणे हा लोभ केव्हा होतो, आणि आपले देणे फेडता येत नाही असे कबूल करणे हा लबाडपणा केव्हा होतो, ह्याचा विचार आपण केलेला नसतो. म्हणून पहिल्या प्रसंगी आपण उगाच गप्प बसतो आणि दुसऱ्या प्रसंगी लाजेने लपून बसतो.

प्रथम येण्याचा विचार करू. आपला मुलूख जंगलाचा. 2022 सालच्या ऑक्टोबर महिन्यात वडशाच्या जंगलात 'सीटी-1' नावाचा वाघ पकडून नागपुरास गोरेवाड्याला नेण्यात आला; त्याच्या हल्ल्यांत 13 माणसे मेली होती. अशा प्रसंगी मृताचे आप्त वनखात्याकडे जातात, पंचनामा होतो, सरकारने ठरविलेले साहाय्य मिळते, आणि गावात त्यांस कोणी लोभी म्हणत नाही. मग वाघाने हात तोडला तर अर्ज करणे योग्य, आणि पट्ट्याने तोडला तर अर्ज करणे कृतघ्नपणाचे, हा भेद कोठून आला? विचार करता असे दिसते की, सरकार दूर आहे व मालक जवळ आहे, एवढाच हा भेद आहे. उद्या पुन्हा त्याच्याच दारी काम मागावयाचे आहे, ही भीती आपण विवेकाचे नाव देऊन पोटात ठेवतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. 1923 साली हिंदुस्थानात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला व तो 1 जुलै 1924 पासून अमलात आला. त्यातील तत्त्वे पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली, व ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्या तत्त्वांतील मुख्य हे की, काम करीत असता व कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ह्या एका गोष्टीत आमच्या बंधूच्या शंकेचे उत्तर आहे. कायदा "दोषी कोण?" असे विचारतच नाही, म्हणून भरपाई मागणे म्हणजे मालकावर आरोप करणे नव्हे. ज्या कामापासून नफा होतो, त्या कामात मोडलेल्या हाताचा भारही त्याच कामाने उचलावा, एवढेच त्यात आहे. जसा यंत्राच्या तेलाचा खर्च, तसाच हाही खर्च. शहाणा मालक त्याचा विमा उतरून ठेवतो. आणि जेथे कामगार राज्य विमा योजना लागू आहे, तेथे हे साहाय्य त्या योजनेकडून मिळते.

हे मोलही मनाला येईल तसे ठरत नाही. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचे 50 टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के धरून, त्यास वयाप्रमाणे नेमलेल्या आकड्याने गुणावयाचे असते. एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईची शक्ती 50 टक्के गेली, असे 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात धरलेले आहे. त्याचबरोबर कायदा मजुरासही सोडीत नाही. दारूच्या अंमलात असता, किंवा सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडल्याने, किंवा यंत्राचे आवरण मुद्दाम काढून टाकल्याने जखम झाली, आणि तीत मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालकावर भार पडत नाही. तेव्हा मागणाऱ्याने प्रथम स्वतःशी खरे बोलावे. किरकोळ दुखणे मोठे करून सांगणे ही चोरीच होय, मग ती गरिबाने केलेली का असेना.

"परंतु क्षमेचे काय?" असे कोणी विचारील. क्षमा ही रागाची सोडचिठ्ठी आहे, आणि ती ज्याने दुखणे सोसले त्याने अवश्य द्यावी. पण त्या हाताची कमाई एकट्याची नव्हती. तीत बायकोची भाकर होती व मुलांची शाळा होती. जे दुसऱ्याचे आहे ते आपण उदार होऊन सोडून देणे ह्यास औदार्य म्हणता येत नाही. कायद्यानेही हे ओळखले आहे. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कामगाराने लिहून दिला तरी तो फोल ठरतो. आणि मृत्यूच्या भरपाईची रक्कम मालकाने आप्तांच्या हाती परस्पर न देता सक्षम अधिकाऱ्याकडे भरावयाची असते, म्हणजे विधवेचा व लेकरांचा वाटा मधल्यामध्ये कोणी खाऊ नये.

शास्त्र जाणणारे बंधू करिंथकरांच्या मंडळीची आठवण देतील, की पौलाने त्यांस कोर्टात भांडल्याबद्दल रागे भरले. खरे आहे. मालक मंडळीतला असेल तर प्रथम वडीलमंडळींसमोर बसावे. परंतु त्याच पौलाने, न्याय मिळेना तेव्हा, कैसराकडे दाद मागितली हेही विसरू नये. निर्गमाच्या पुस्तकात तर मारामारीत दुसऱ्यास अंथरुणाला खिळविणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई करून त्यास पुरते बरे करवावे असा नियम आहे, आणि मारका बैल ठाऊक असून मोकळा सोडणाऱ्या धन्यास जबाबदार धरले आहे. उघड्या पट्ट्याचे यंत्र हाही एक मारका बैलच नव्हे काय?

आता देण्याविषयी. घेतलेले फेडावे, हा धर्म आहे व त्यात आम्ही तिळमात्र सूट देत नाही. प्रश्न एवढाच की, खरोखर शक्ती उरली नाही तेव्हा काय करावे. अशा वेळी माणसे रात्री गाव सोडतात, एकाचे घेऊन दुसऱ्यास देतात, अथवा विहिरीकडे पाहू लागतात. आमच्या पूर्वजांच्या काळीही हेच होते. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकण्याचे बंद केले. आपला चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. तेथे 1933 साली कर्जसलोख्याचा कायदा झाला. म्हणजे न फेडता येणारे कर्ज ही एकट्या माणसाची लाज नसून समाजाने सोडवावयाची गाठ आहे, हे राज्यकर्त्यांसही उमगले होते.

आजही 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम सामान्य ऋणकोस उपयोगी आहे. 2016 च्या नव्या संहितेतील सामान्य व्यक्तींविषयीचा भाग अद्याप सर्वांस लागू केलेला नाही. ऋणकोने जिल्हा न्यायालयात अर्ज करून आपली सर्व मालमत्ता व सर्व देणी मांडावयाची असतात. न्यायालयाने नादार ठरविल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, सावकारांस तीतून हिश्शाप्रमाणे मिळते, आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणास त्या कर्जापायी ऋणकोच्या मागे लागता येत नाही. तथापि अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व बैल हे जप्तीपासून वाचतात. मोशेच्या नियमशास्त्रात जात्याची तळी गहाण घेऊ नये असे म्हटले आहे, त्याचाच हा धाकटा भाऊ समजावा.

परंतु हा मार्ग खोट्यास मोकळा नाही. मालमत्ता लपविणाऱ्यास शिक्षा आहे. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या मेव्हण्याचे देणे गुपचूप फेडून बाकीच्यांस वाऱ्यावर सोडले असेल, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. आणि न्यायालयाने पुढे मोकळीक दिली तरी लबाडीने केलेले कर्ज माफ होत नाही. ह्यावरून आमच्या बंधूच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. हात वर करणे हे पाप नव्हे. वर केलेल्या हाताची मूठ झाकलेली असणे हे पाप होय.

अर्ज करण्यापूर्वी सावकाराचा हिशेब मात्र पाहावा. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि सावकारास मुदलाहून अधिक व्याज घेता येत नाही. दामदुपटीची ही जुनी मर्यादा आजही उभी आहे. जे देणे खरोखर नाही, त्याच्या ओझ्याखाली कोणी चिरडून जाऊ नये.

आमच्या उपदेशक बंधूंस एक विनंती. कोणाच्या घरी असा अपघात झाला तर प्रार्थना करून तेवढ्यावर परत येऊ नका. मालकास लेखी खबर देववा, दवाखान्याचे कागद जपून ठेववा, आणि दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावयाचा असतो हे त्यांस त्याच दिवशी सांगा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींचे लोक, अपंग व कारखान्यांतील कामगार ह्यांस उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळू शकतो.

आम्ही हे आमच्या बंधूस त्याच दिवशी सांगितले नाही. त्याची मुदत आमच्या उपदेशाने गेली. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे, म्हणून आम्ही त्याच्याबरोबर जाऊन अर्ज दिला, आणि उशिराचे कारण म्हणून आमचे स्वतःचे नाव लिहून दिले. निकाल अद्याप लागलेला नाही. तोवर त्याच्या देण्यांची यादी त्याने व आम्ही मिळून पुन्हा नीट लिहून काढली आहे. तीत एकही नाव गाळलेले नाही.