कुलूप गावाला ठाऊक, कंपनीला नाही

घर चाकूरला घ्यायचं आणि संसार लातुरात मांडायचा, हे आपल्याकडं आता नवं राहिलेलं नाही. लेकरू दहावी झालं की ‘लातूर पॅटर्न’चे वेध लागतात. अकरावी, बारावी, नीट; आई मुलासोबत भाड्याच्या खोलीत, वडील नोकरीच्या गावी, आणि नुकतीच वास्तुशांती झालेलं घर कुलपात. कुणी सीमा सुरक्षा दलात आहे, कुणी चाकणच्या कारखान्यात. सुट्टीत येऊ, निवृत्त झाल्यावर कायमचं राहू, या हिशेबानं घेतलेली घरंही तशीच बंद आहेत.

अशा घराच्या वास्तुशांतीला पंगतीवर पंगती उठतात. मुहूर्त काढला जातो, आहेर होतात, दारावर काळी बाहुली लटकते. पण कुणी म्हणालं, “घराचा विमा काढला का?” तर वडीलधारी माणसं लगेच, “शुभ दिवशी कशाला अभद्र बोलता?” बाहुलीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या समजुतीला, की संकटाचं नाव घेतलं नाही म्हणजे ते येत नाही. आणि ही समजूत लातूर जिल्ह्यात टिकून राहावी, याचं तर नवलच वाटतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपानं हजारो माणसं माळवदाखाली गाडली. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. पुढं नकाशा बदलला, आपली वृत्ती बदलली नाही. 2024 च्या जुलैमध्ये हिंगोलीकडच्या धक्क्यानं नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. चार दिवस चर्चा झाली आणि विषय संपला.

किल्लारीनंतर सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज घेऊन गावंच्या गावं नव्यानं वसवली. ते करायलाच हवं होतं. पण त्यातून आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: घर पडलं की पंचनामा, पंचनामा झाला की मदत. आज आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणं सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. तेवढ्यात आज एका खोलीचं छतही नीट होत नाही. मला खटकतो तो त्याहून वेगळा मुद्दा. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ज्यांच्या अंगावरचे कपडे सोडून काही उरलं नाही, त्यांचा त्या निधीवर पहिला हक्क. पगारदार माणसानं विम्याचा वर्षाचा हप्ता वाचवायचा आणि आपत्ती आली की त्याच रांगेत उभं राहून तलाठ्याला ‘माझंही नाव घ्या’ म्हणायचं, हे कायद्यात बसत असेल; नीतीत बसत नाही.

हप्ता तरी केवढा? विमा जागेच्या किमतीवर काढायचा नसतो, बांधकाम पुन्हा उभं करायला जो खर्च येईल त्यावर काढायचा असतो. हजार चौरस फुटांचं बांधकाम, दोन हजारांचा दर धरला तर वीस लाख. त्याचा वर्षाचा हप्ता हजार-दीड हजारापलीकडं सहसा जात नाही.

“पीक विम्यात काय मिळालं, ते पाहिलं की!” हा आक्षेप मात्र खोटा नाही. एक रुपयात विमा भरला, 72 तासांत तक्रार केली, आणि तरी हात चोळत बसलेले शेतकरी गावोगाव आहेत. पण तिथं बरंचसं गणित महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर चालतं. तुमचं सोयाबीन गेलं आणि मंडळाचं तरलं, तर तुमचं दुःख हिशेबात येत नाही. घराच्या विम्यात पाहणीदार तुमच्याच भिंतीपाशी येतो. दावा अन्यायानं नाकारला तर पुण्याला विमा लोकपाल आहे आणि त्याच्याकडं दाद मागायला फी लागत नाही.

आता कुलपाचं. घर बंद आहे हे शेजाऱ्याला माहीत असतं, दूधवाल्याला माहीत असतं, पाळत ठेवणाऱ्या चोराला तर सगळ्यांच्या आधी. माहीत नसतं ते फक्त विमा कंपनीला. अर्ज एजंट भरतो, ‘राहतं घर’ यापुढं ‘होय’ लिहितो, आपण खाली सही ठोकतो. गृहकर्जासोबत बँकेनंच विमा काढलेला असेल तर कित्येकांना पॉलिसी कुठं आहे हेही ठाऊक नसतं. अग्निविम्याच्या वर्षानुवर्षं चालत आलेल्या मसुद्यात स्पष्ट अट होती: इमारत सलग 30 दिवसांहून जास्त रिकामी राहिली आणि कंपनीची आधी मंजुरी घेतली नाही, तर संरक्षण थांबतं. घरफोडीच्या अनेक पॉलिसींतही अशीच अट असते. सगळं सुरळीत असताना ही अट कुणी वाचत नाही. दावा नाकारल्याचं पत्र हाती पडल्यावर मात्र ‘कंपनीनं फसवलं’ म्हणून बोंब. कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं कुणीच म्हणणार नाही. पण खोट्या ‘होय’वर सही आपलीच असते.

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली आहे. आग, भूकंप, वीज, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं तिच्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, संरक्षण मिळतं. एकदम दहा वर्षांचीही काढता येते. मात्र बंद घराची सगळ्यात मोठी भीती असते चोरीची, आणि नुसती चोरी हिच्यात नाही. भूकंप-पुरासारखी घटना घडली आणि तिच्यामुळं सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. म्हणून घरफोडीचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. आधीच्या मालकाची पॉलिसी खरेदीखतासोबत आपोआप आपल्या नावावर येते, हाही गैरसमजच.

चावी शेजारच्या मावशींकडं ठेवून आपण निर्धास्त होतो. बंद घरात सिलिंडर गळला, वायर जळाली, तर पहिली झळ त्याच मावशींच्या भिंतीला लागते. तेव्हा निघताना मेन स्विच पाडावा, रेग्युलेटर काढावा, टाकी रिकामी करावी. आणि कंपनीला पत्र लिहावं: अमुक तारखेपासून घर बंद राहील, चावी अमुकांकडं आहे, ही नोंद पॉलिसीवर करून द्यावी. वाढीव हप्ता मागितला तर भरावा. पत्र मराठीतच लिहावं, पोच मात्र शिक्क्यासकट घ्यावी.