पाण्याकडं पाठ

आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण सागर आहे. पैठणजवळ गोदावरी अडवून जे पाणी साठवलं, त्याला एकनाथ महाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. नदी पश्चिमेकडून येते, म्हणून पाणीही पश्चिमेला पसरलंय आणि दिवस नेमका त्या पाण्यात बुडतो. संभाजीनगर इथून पन्नासेक किलोमीटर. रविवारी दुपार कलली की तिकडून गाड्या येऊ लागतात. भाजलेली कणसं, भेळ, तळलेली मासळी, लेकरांची पळापळ, फोन उंच धरलेले हात. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा दुर्बिणवाल्यांची गर्दी वेगळी. दिवस बुडाला की अर्ध्या तासात काठ मोकळा होतो.

या मौजेला नावं ठेवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. "आमची गावं बुडाली आन् यांना गंमत सुचती." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, असं मला वाटतं.

धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मधल्या अकरा वर्षांत पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतली शंभरावर गावं उठली. त्यात आमचं एक. नदीकाठची काळी जमीन होती. हरभरा आणि ज्वारी नुसत्या ओलीवर यायची. मावेजा हप्त्यांनी आला आणि हप्त्यांनीच खर्च झाला. नवं गाव माळावर बसलं, चौकोनी आखणीचं, सरळ रस्त्यांचं. तिथं पाराला झाड नव्हतं. आजी सांजच्याला ओट्यावर बसायची ती पाण्याकडं पाठ करून. पूर्वेला बघण्याजोगं काही नव्हतं, बाभळी आणि एक उकिरडा. ती तिकडंच बघायची.

तिला मी एकदा विचारलं, "आजी, जुन्या गावात दिवस मावळताना कसा दिसायचा?" ती म्हणाली, "कोणाला येळ होता बघायला? ढोरं यायची, धारा काढायच्या, चूल पेटवायची. दिवेलागणीला बसलेली बाई कोणत्या घरात खपती?" खेड्यात संध्याकाळ ही बघायची गोष्ट नव्हतीच, ती कामाची वेळ होती. आणि गावाच्या पश्चिमेला चिंचा होत्या, वाडे होते, त्यांच्या आड दिवस कधी गेला ते कळायचंही नाही. म्हणजे जो देखावा बघणं पाप असं आम्ही म्हणतो, तो गाव बुडालं म्हणूनच तयार झालाय. आधी सुंदर होतं आणि ते हिरावलं, असा हा सरळ हिशेब नाही. तो सरळ असता तर रागवायला सोपं गेलं असतं.

उजनीच्या पाण्यातही असंच आहे. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला जातात. भिगवणकडं पक्षी दाखवायला होड्या फिरतात, आणि या दिवसांवर काठच्या कितीतरी घरांची चूल पेटते. बघणाऱ्याची मौज बंद केली तर पहिला उपाशी कोण राहील, याचाही विचार करायला हवा.

आमच्या भागात नाथांची एक गोष्ट लेकरालाही ठाऊक असते. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेल्या गाढवाला पाजली. धरणाची बाजू घेणारे ही गोष्ट फार सांगतात. तुमच्या गावांनी तहानलेल्यांना पाणी दिलं म्हणतात. पाणी गेलं हे खरंच. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. जालना, बीड, परभणीपर्यंत शिवारं भिजली, आणि संभाजीनगरच्या नळालाही हेच पाणी. पण नाथांनी कावड आपल्या हातानं उपडी केली. आमची दुसऱ्यांनी केली आणि वर पुण्य आमच्या नावावर मांडलं. घेतलेल्या गोष्टीला दिलेली म्हणणं, हे मला काठावरच्या भेळ-कणसापेक्षा जास्त टोचतं. कणीस खाणारा निदान काही खोटं बोलत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर आलं. पाणी मागं सरलं, भिंतींचे पाये उघडे पडले. वडलांना घेऊन मी गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत त्यांनी आमची विहीर शोधली, तिच्या थारोळ्याच्या दगडावर बसले. आसपास शहरातली पोरं फोटो काढत होती. वडील त्यांच्याकडं बघत नव्हते. दिवस मावळायला आला होता, पार लांबवर मोकळं. "इथनं असा कधी दिसला नव्हता रे," म्हणाले, आणि चक्क हसले. मी उठायची घाई करत होतो, ते पूर्ण बुडेपर्यंत उठले नाहीत. आजीची पाठ आणि वडलांचं हे हसणं, दोन्ही एकाच घरातलं. एक खरं आणि दुसरं फितुरी, असं मला म्हणवत नाही.

मग बघणाऱ्यानं काही देणं लागतं का? मला वाटतं, विचारण्याइतकं लागतं. रडण्याइतकं नाही. मागच्या दिवाळीनंतर काठावर एका सात-आठ वर्षांच्या पोरीनं मला विचारलं, "आजोबा, पाण्याच्या आधी इथं काय होतं?" मी सांगितलं. चिंचा कुठं, मारुती कुठं, आमचं घर कुठं, हात करून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं, पाण्याकडं पाहिलं आणि हातातलं कणीस पुन्हा खायला लागली. तिची आई ओशाळून म्हणाली, "अगं, ते काय सांगताहेत, ठेव ते खाली." मी म्हटलं, "खाऊ द्या हो. गार झालं की चव जाती."