चहाचा पेला आणि दगडाचं काळीज

1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. व्याख्यान झालं आणि मागोमाग चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांना असल्या उचापतींची भारी हौस. त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात भडका उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, साक्षीपुरावे झाले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा पुरावा पुढे केला. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि ते त्यांच्या सुधारक मित्रांच्या मनाला फार लागलं. व्याख्यानाचा विषय या सगळ्यात पार बाजूला पडला. गावाला एवढंच ठरवायचं होतं, की कुणाच्या घशाखाली काय गेलं.

गंमत अशी, की ज्याच्या नावानं ते मिशन चालत होतं त्या येशूनं नेमका हाच वाद अंगावर घेतला होता. न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांबद्दल शास्त्र्यांनी त्याला जाब विचारला, तेव्हा त्याचं उत्तर साधारण असं होतं: तोंडातून आत जातं ते पोटात जातं आणि बाहेर पडतं. माणूस विटाळतो तो त्याच्या हृदयातून निघणाऱ्या लोभानं, खोटेपणानं, द्वेषानं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हा प्रसंग आहे. पंचहौद प्रकरणाच्या चौकशीत कुणी तो वाचून दाखवला असता, तरी निकालात काडीचा फरक पडला नसता.

पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावानं वसलेली सदाशिव पेठ आणि तेव्हाच्या वेताळ पेठेतलं, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतलं, हे मिशन यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर. टिळकांचं बिऱ्हाड पुढे ज्या विंचूरकर वाड्यात होतं तो सदाशिव पेठेतलाच. वेदशास्त्रसंपन्न घरांची ही वस्ती. इथे मुलाला लहानपणापासून दोन गोष्टींचं वळण लागे: आचार पाळायचा आणि मुद्दा सोडायचा नाही. अशा वळणात वाढलेला माणूस ख्रिस्ती झाला, तर त्याची श्रद्धा वसते कुठे? डोक्यात, विधीत, की हृदयात? एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांना हा प्रश्न फार जवळून भिडला. पण त्याची मुळं पुण्याहून कितीतरी जुनी आहेत.

बायबलच्या जुन्या करारातलं हृदय म्हणजे भावनांची कोठडी नव्हे. त्या काळचा यहुदी माणूस विचार करायचा तो हृदयानं. मेंदूला त्याच्या लेखी फारसं काम नव्हतं. माया, कळवळा यांची जागा आणखी खाली, आतड्यांत. (आतडं तुटणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.) शलमोन राजा देवाकडे मागतो ते ऐकणारं हृदय, आणि ते कशासाठी, तर न्यायनिवाडा नीट करता यावा म्हणून. मिसरचा फारो हृदय कठीण करतो याचा अर्थ तो निष्ठुर होतो एवढाच नाही. समोरचं दिसत असून तो निर्णय बदलत नाही. बाबेलच्या बंदिवासातला संदेष्टा यहेज्केल म्हणूनच नव्या नियमांचं नव्हे, तर नव्या इंद्रियाचं आश्वासन देतो: तुमच्यातलं दगडाचं काळीज काढून मांसाचं देईन. जाणणं, ठरवणं आणि वागणं या तिन्ही गोष्टी या हृदयात एकत्र नांदत होत्या.

ख्रिस्ती परंपरेनं हा वारसा घेतला आणि वाटेत त्याचे तुकडे पाडले.

पूर्वेकडच्या संन्याशांनी त्यातला बराचसा जपला. इजिप्त आणि सीरियाच्या वाळवंटातल्या तपस्व्यांना हृदय ही रणभूमी वाटे. देवदूतही तिथेच, श्वापदंही तिथेच. पुढे ग्रीक मठांत येशूचं नाव श्वासाबरोबर घेत मन हृदयात उतरवण्याची साधना रुजली. तिचे ग्रंथ एकत्र करून 1782 मध्ये व्हेनिसला ‘फिलोकालिया’ नावानं छापले गेले. नामस्मरणात वाढलेल्या वारकऱ्याला ही साधना परकी वाटू नये. फक्त हे संन्यासी डोळ्यांत येणाऱ्या पाण्यावर लगेच विश्वास ठेवत नसत. ते कुठून आलं, हे आधी तपासत.

पश्चिमेत चौथ्या-पाचव्या शतकाच्या वळणावर ऑगस्टीननं देवापाशी विसावेपर्यंत अस्वस्थ राहणाऱ्या हृदयाची कहाणी लिहिली आणि आत्मचरित्र नावाच्या प्रकारालाच वळण दिलं. पास्कल हा गणिती. त्याच्या मते हृदयाचं जाणणं हे बुद्धीच्या आधीचं. अवकाश आहे, संख्या आहेत ही मूलतत्त्वं बुद्धी सिद्ध करत नाही, हृदय ती ओळखतं आणि मग बुद्धी त्यांवर इमारत उभी करते. हृदयाबद्दलचं त्याचं म्हणणं प्रेमपत्रांत वापरणाऱ्यांनी त्यातली भूमिती टाकून दिली. त्याच शतकात, 1673 ते 1675 या काळात, फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियालच्या मठात मार्गारेट मेरी अलाकोक या जोगिणीला ख्रिस्ताच्या हृदयाची दर्शनं झाली. काटे वेढलेलं, ज्वाळा निघणारं ते हृदय पुढे चित्रांतून जगभर गेलं आणि वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक घरांच्या भिंतींवर विराजमान झालं. 1856 मध्ये पोप नववे पायस यांनी त्याचा सण सगळ्या चर्चला लागू केला. इथे एक मोठी उलथापालथ झाली, ती सहसा लक्षात येत नाही. इतकी शतकं प्रश्न माणसाच्या हृदयाचा होता. आता देवालाच हृदय आहे, आणि ते दुखावतं, ही गोष्ट मध्यभागी आली.

प्रोटेस्टंट मार्ग वेगळा. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत जॉन वेस्लीला आपलं हृदय विलक्षण ऊबदार झाल्याचं जाणवलं. तो आधीपासून पाद्री होता, अमेरिकेत धर्मकार्य करून आला होता. तरी त्याच्या लेखी खरी सुरुवात या संध्याकाळी झाली. तेव्हापासून इव्हँजेलिकल मंडळींत एक अलिखित परीक्षा सुरू झाली: तुला ते जाणवलं का? कधी? यानं हजारो माणसं जागी झाली हे खरं. पण यहेज्केलचं मांसाचं काळीज हळूहळू फक्त ‘वाटण्याचं’ काळीज होत गेलं, हेही खरंच.

भारतात हे सगळे प्रवाह एकदमच येऊन पोचले. चित्पावन कुळातले, काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. पुढे षड्दर्शनांचं खंडन लिहिणारे हे गोरे पुण्यात पंचहौद मिशनच्या पाद्र्यांमध्ये राहिले. युक्तिवादाच्या वाटेनं ते आले आणि त्याच वाटेनं येणाऱ्या शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. त्यांच्या लेखनाचा आधार वाटलेली एक व्यक्ती मात्र त्यांच्या पुढे निघून गेली.

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, येशूच्या जन्माचा चमत्कार, एकेका मुद्द्यावर रमाबाई अडून बसतात. क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, असंही विचारतात. आणि त्या मांस-अंडी खात नाहीत, तर हा जुना जातीचा अभिमानच असा ठपका त्यांच्यावर येतो. पुण्यात चहा प्यायल्यानं माणूस बाटला आणि वॉन्टेजमध्ये अंडं न खाल्ल्यानं श्रद्धेवर संशय आला! दोन्हीकडची मंडळी ताटाकडेच पाहत होती.

रमाबाईंनी नंतर 1907 च्या आपल्या निवेदनात कबूल केलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो 1891 च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना उमगू लागला. हॅस्लम पाद्री असूनही आतून कोराच होता. म्हणजे गोष्ट वेस्लीचीच. रमाबाईंची मुलींची शाळा, शारदा सदन, तेव्हा मुंबईहून पुण्यात आली होती. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना रमाबाई दार लावून घेत नसत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. 1893 मध्ये यावरून रान उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं.

1905 च्या जूनमध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या सामुदायिक प्रार्थनांना उधाण आलं: रडणं, एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना, अंगात आग पेटल्याची जाणीव. इंग्रज पाद्री नाराज झाले, रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावची नोंद आहे ती यामुळे. पण रमाबाईंचं हृदय पाहायचं तर या प्रार्थनांइतकंच त्यांच्या टेबलाकडे पाहावं लागतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबलवरून साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना कळेल असं भाषांतर त्या वर्षानुवर्षं करत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली उचलून आणणं, त्यांना घाणा, माग, छापखाना शिकवणं आणि व्याकरणाशी झुंजणं, हे नुसत्या ‘ऊबदार’ हृदयाचं काम नव्हे. पत्रांतून भांडणारी बुद्धी रमाबाईंनी 1891 मध्ये टाकून दिली नाही. त्यांच्याकडे ती शलमोनानं मागितलेल्या हृदयाच्या जागी परत गेली.

नारायण वामन टिळक आले ते तिसऱ्याच वाटेनं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अभंगाच्या चालीवर त्यांनी भजनं रचली, आणि त्यांत हृदय तापत नाही, ते भेटीला निघतं. इंग्रजी स्तोत्रांच्या मराठी आवृत्त्यांवर वाढलेल्या मंडळ्यांना हा मोठाच दिलासा होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे शिष्य म्हणून जागा होती. मिशनऱ्यांतल्या अनेकांना हे पटलं नाही. त्यांची बाजूही हलकी नव्हती: हृदय बदललं म्हणणाऱ्यानं चारचौघांत बाप्तिस्मा न घेता जातीचा, वतनाचा, नातेवाइकांच्या रोषाचा धोका का टाळावा?

9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ तगला नाही. त्यांची भजनं ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात राहिली. ती म्हणणाऱ्या मंडळ्यांपैकी काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, काही ते मूल जाणतं होऊन स्वतः मागेपर्यंत थांबतात.