पांढरीचं ओझं

आमच्या गावात जमिनीचे दोनच प्रकार, काळी आणि पांढरी. काळीत राबायचं, पांढरीत राहायचं. गाव वसलंय ती पांढरी, आणि तिचीच माती आमच्या घरांच्या डोक्यावर. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि सगळ्यांच्या वर हातभर पांढरी माती. मधोमध हवा-उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्याला आमच्याकडं सानं म्हणतात.

तीन वर्षांमागं एप्रिलात दादाचा फोन आला. "औंदा घर पाडायचं म्हणतोय. माय थकलीय, उन्हाळा सोसत नाही तिला. स्लॅब टाकू, एका खोलीत एसी बसवू. निम्मे पैसे तू दे."

पैशाचं काही नव्हतं. पण घर पाडायचं म्हटल्यावर माझ्या पोटात कालवलं. मी पुण्यात राहतो. जुनी घरं कशी शहाणपणानं बांधलेली होती, विजेशिवाय कशी गार राहायची, हे मी चार लोकांत ऐटीत सांगत असतो. मी दोन थर्मामीटर घेऊन गावी गेलो.

मे महिन्यातली दुपार, तीनची वेळ. लिंबाच्या सावलीत पारा बेचाळीसवर होता. माजघरात तेहतीस. मग मी मागच्या पत्र्याच्या खोलीत गेलो, तिथं चव्वेचाळीस. मी जवळजवळ ओरडलोच, "बघ दादा! मातीत आणि पत्र्यात अकरा डिग्रीचा फरक!" मग विजेचा हिशेब मांडला. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो, आठ तासांच्या रात्रीला बारा युनिटं. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेवढ्यात वीस रात्री फिरेल. दादा गप्प बसला. मी जिंकलो होतो.

वहिनी जेवायला वाढताना म्हणाल्या, "भाऊजी, दुपारी तीनला बघितलंत. आता रात्री दहाला बघा."

रात्री दहाला बघितलं. बाहेर तीस, माजघरात चौतीस. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू आत सोडते. हे मला माहीत होतं, पण आठवलं नव्हतं, कारण लहानपणी उन्हाळ्यात आम्ही घरात झोपलोच नाही. अख्खं घर शिडीनं माळवदावर जायचं. जुन्या घराचा गारवा दोन पाळ्यांचा होता, दिवसा माजघर आणि रात्री माळवद. मायचं वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या गुडघ्यांना शिडी झेपेना, म्हणजे तिची अर्धी पाळी बंद झाली होती.

"आणि अजून एक," वहिनी म्हणाल्या. "माती कुणी चढवायची वर?"

मी मायकडं बघितलं. माझ्या लहानपणी मृगाच्या तोंडावर गावात एकच घाई असायची. माळवदावर नवी पांढरी टाकायची, नाहीतर पावसात घर गळायचं. बापूंनी बैलगाडीनं माती दारात आणून टाकली की गड्याचं काम संपलं. तिथून टोपलं डोक्यावर घेऊन शिडीनं वर जायचं ते मायनं आणि काकूनं. "किती टोपली लागायची गं?" मी विचारलं. "साठ तर सहज," माय म्हणाली. "तू पोटात होतास तवाबी साठच." ती हे सहज बोलली, तक्रारीचा सूर नव्हता. मागं मी एक टोपलं काट्यावर ठेवून बघितलं, अकरा किलो भरलं. साठ टोपली म्हणजे साडेसहाशे किलोच्या वर, एका उन्हाळ्यात, दोन बायांच्या डोक्यावरून.

मी डिग्री मोजल्या, युनिटं मोजली. टोपली मोजली नव्हती.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आली. ती पत्र्याची खोली म्हणजे आमचं स्वयंपाकघर. दुपारी चव्वेचाळीसचा आकडा घेऊन मी पुरावा सापडल्यासारखा बाहेर पळालो, तेव्हा वहिनी तिथंच तव्यापुढं भाकरी थापत होत्या. मला पारा दिसला, माणूस दिसला नाही.

आणि ती पत्र्याची खोली काही अडाणीपणातून आलेली नव्हती. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले, चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यांतली कितीतरी अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि अशाच माळवदांखाली. दरसाल गळती थांबवायला टाकलेल्या मातीचे थरावर थर चढलेले, ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आमचं गाव लांब होतं, घर वाचलं, मागच्या भिंतीला उभी चीर गेली. पण माय वर्षभर आत झोपली नाही. पुढच्या उन्हाळ्यात बापूंनी पत्रे आणले. पडला तरी पत्रा जीव घेणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब. गारव्यापेक्षा जीव मोठा, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही.

म्हणजे जी पांढरी दुपारी आम्हाला सुख देत होती, तीच बायांच्या मानेवर आणि घराच्या भिंतींवर ओझं होती. आपल्याला सुख फुकट मिळतंय असं वाटतं, तेव्हा त्याची किंमत बहुतेक दुसरं कुणी भरत असतं. जुन्या घराचं वीजबिल शून्य यायचं खरं. ते बिल माय भरत होती. एसी आणला तर वेगळं कुणी भरेल. कुठंतरी कोळसा जळेल आणि आमच्या घरातली उष्णता शेजारच्या बोळात फेकली जाईल. मग गारवा मागायचाच नाही का? वहिनींनी तेही तोंडावर विचारलं. "तुमच्या पुण्याच्या खोलीत एसी हाय ना, भाऊजी?" आहे. मी मान खाली घातली. स्वतः गारव्यात झोपून दुसऱ्याला साधेपणा शिकवायचा, याला शहाणपण कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा मायलाच विचारलं, जे आधी कुणीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मला वर चढता येत न्हाई, एवढंच दुखणं. झोपताना आभाळ दिसलं पाहिजे."

मग तालुक्याचा इंजिनिअर आणि गावचा मिस्त्री, दोघांना बोलावून घर दाखवलं. माळवदावरची जास्तीची माती उतरवली, चार ट्रॉल्या निघाली. वीतभर ठेवली. तिच्याखाली जाड ताडपत्री अंथरली, म्हणजे दरसाल नवी माती नको. खांब आणि तुळयांच्या सांध्यांना तिरके टेकू दिले, भिंतीची चीर नीट भरून सांधली. माळवदाला आणि पत्र्याला वरून चुना मारला, कारण पांढरं ऊन परत फेकतं. पत्र्याखाली तुरकाट्यांची ताटी बांधली, चुलीपासून लांब, आणि भिंतीत गरम हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. आधी कुणीतरी प्लास्टिकनं बंद केलेलं सानं उघडून जाळी लावली. रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या, सकाळी आठला लावून घ्यायच्या. मायची बाज अंगणात लिंबापासून जरा अलीकडं, मच्छरदाणीसकट. एसीचे पैसे वहिनींच्या हातात दिले. पुढच्या उन्हाळ्यात पुरलं नाही तर घ्या म्हटलं, मी आडवा येणार नाही.

पुढच्या मे महिन्यात माजघरात दुपारी पस्तीस भरलं. माती कमी झाली, दोन डिग्री गेल्या. स्वयंपाकघरात एकोणचाळीस. अजून जास्तच आहे, पण चव्वेचाळीस नाही. ते पैसे वहिनींनी अजून मोडलेले नाहीत. का ते मी विचारलेलं नाही. तो हिशेब त्यांचा.

यंदा ताडपत्रीच्या कडेनं माती जरा वाहून गेली होती. मृगाआधी दोन दिवस रजा काढून गेलो. दादा खालून भरून द्यायचा, मी शिडी चढायचो. चौदाव्या टोपल्याला मान लुळी पडली आणि मी माळवदावरच बसलो. खाली बाजेवर बसून माय मोजत होती.

"चौदा झाली," ती म्हणाली. "अजून सेहेचाळीस."

आणि हसली.